डिझेलचा काटा आणि निगडी ट्रान्सपोर्टनगरचा एक वायरमन

दुकानाला धड बोर्ड पण नाहीये, निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात आत गेलं की बॅटरीवाल्यांच्या ओळीत एक टपरीवजा गाळा आहे, सगळे नुसते काका म्हणतात.

आमची गाडी सहा टायर, 2008 चं मॉडेल, 24 व्होल्टची. डिझेलचा काटा वर्षभर खालीच पडलेला, मधेच खड्ड्यात गाडी आदळली की उडी मारून अर्ध्यावर जायचा आणि परत झोपायचा. दुसऱ्या एका ठिकाणी दाखवली तर त्यांनी हात न लावताच मीटर गेलंय म्हणून सांगितलं, 1800 रुपये घेऊन डॅशबोर्डवर नवीन गेज, म्हणजे काट्याचं मीटर, बसवलं आणि काटा होता तिथंच. मग ड्रायव्हरने त्याच्याकडे बघणंच सोडलं, किलोमीटरवर हिशोब. लांडगा आला रे आला सारखं झालं, कारण कोल्हापूरला माल घेऊन जाताना खंबाटकी घाट चढताना खरंच टाकी कोरडी पडली, चढाला होतं तेवढं डिझेल पण मागं सरकलं असणार, पंपाने एअर घेतली, मग कॅनने डिझेल आणा, हवा काढायला हॅन्डपंप मारत बसा, नोझलचे नट ढिले करा. मागं ही लाईन लागलेली आणि सगळे हॉर्न वाजवतायत.

काकांनी पहिला प्रश्न विचारला तो मला आवडला. "शेठ, टेंपरेचरचा काटा बरोबर चालतो का?" म्हणलं चालतो. मग मीटरला सप्लाय बरोबर येतोय, म्हणाले, आणि डॅशबोर्ड न उघडता सरळ टाकीकडे गेले. चावी ऑन ठेवायला लावली, टाकीतल्या युनिटवरची (डिझेल किती आहे ते काट्याला कळवतं ते) वायर काढली, काटा तळाला. तीच वायर लांब धरून चेसिसला क्षणभर टेकवली, काटा सरसर फुलवर! म्हणजे गेज पण चांगलं आणि टाकीपर्यंतची वायर पण चांगली, 1800 रुपये पाण्यात. (काही गाड्यांत हे उलटं असतं, वायर काढली की फुल, त्यामुळे आधी आपल्या गाडीचं माहीत पाहिजे, असं ते म्हणाले.)

मग चावी बंद करून मल्टिमीटर. युनिटच्या पिनपासून त्याच्याच बॉडीपर्यंत ओहम, म्हणजे रेझिस्टन्स, स्थिर दाखवत होता, पण बॉडीपासून चेसिसपर्यंत जिथं जवळपास शून्य यायला पाहिजे तिथं आकडा नुसता नाचत होता. अर्थिंगच नव्हतं, म्हणजे करंटला चेसिसमधून परत जायची वाटच नाही! मागच्या वर्षी टाकी उतरवून रंगवली होती आमची, पट्ट्यांखाली नवीन रबर टाकलं, आणि जोडताना अर्थची वायर कोणीतरी लावलीच नाही. टाकी रबरावर बसलेली, वरून रंग, करंट परत जाणार कुठून. युनिटची बॉडी आणि चेसिस यांच्यात वायरचा तुकडा धरून बघितला तर काटा पाऊणला येऊन थांबला, आणि काठी टाकून बघितलं तर तेवढंच डिझेल.

तरी त्यांनी स्क्रू काढून युनिट बाहेर घेतलंच. फ्लोट, म्हणजे डिझेलवर तरंगतो तो पोकळ तुकडा, कानाशी हलवून बघितला, आत डिझेल शिरलं असेल तर खुळखुळतं म्हणे, आणि दांडी हळूहळू वर खाली करून ओहम कुठं तुटतोय का ते पण बघितलं. मग रंग खरवडून, टोकाला थिंबल (वायर स्क्रूला बसवायची धातूची टोपी) मारून नवीन अर्थ वायर, वरून ग्रीस. मजुरी 350.

वाईट काय, तर दीड तास नुसतं बसून ठेवलं, पुढं एक स्टार्टरचं काम चालू होतं. बिल मिळत नाही, मागितलं तर कागदावर आकडा लिहून देतात. युनिटचं पॅकिंग फाटलं तर ते त्यांच्याकडे नव्हतं, मलाच जाऊन आणायला लागलं, बाहेर काम चालू असताना गिऱ्हाईकाला पळवायचं हे काय बरोबर नाही. आणि काका तापट आहेत, मधे मधे बोललं की पान्हा खाली ठेवतात.

तीन महिने झाले, काटा व्यवस्थित चालतोय. ड्रायव्हर अजून काठी सीटमागं ठेवतो ती गोष्ट वेगळी. गुरुवारी जाऊ नका, बंद असतं.