५० मिलिमीटरचा '१३५ ब्लॉक'

आमचं अमळनेरला कृषी केंद्र आहे. दर जूनमध्ये गल्ल्यावर बसून मी शेतकऱ्यांना तेच तेच सांगतो. कपाशीचं ४७५ ग्रॅमचं पाकीट घेताना लॉट नंबर बघा, पक्कं बिल घ्या, बिलावर तो नंबर लिहून घ्या, आणि गुजरातकडून येणारं विनापरवाना बियाणं कुणी कितीही छातीठोक दिलं तरी घेऊ नका. हे सांगणाऱ्या माणसाने जुन्या मोटरसायकलींची ताकद वाढवून देणाऱ्या एका 'ट्यूनर'च्या नादी लागून स्वतःचे ५७,५०० रुपये कच्च्या चिठ्ठीवर घालवले. आमच्याच भागातली आणखी दोन पोरं आपापली आरएक्स घेऊन त्याच माणसाकडे निघाली आहेत असं परवा कळलं, म्हणून लाज बाजूला ठेवून लिहितोय.

गाडी आप्पांची, म्हणजे वडिलांची. यामाहा आरएक्स १००, १९९१ची. ही गाडी आपल्याकडे १९८५ला आली आणि १९९६ला बंद झाली, त्यामुळे आज रस्त्यावर दिसते ती प्रत्येक आरएक्स १०० किमान पंचवीस वर्षं जुनी आहे. आप्पा पारोळा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, रोजचं जाणं-येणं हिच्यावरच. मध्ये कधीतरी एका गॅरेजवाल्याने सर्व्हिसिंगच्या नावाखाली चांगला भाग काढून घेतल्याचा त्यांना संशय आला. तेव्हापासून कार्ब्युरेटर, सीडीआय (ठिणगीची वेळ सांभाळणारी डबी), ब्लॉकची (पिस्टन ज्यात खालीवर होतो त्या सिलिंडरची) एक पाती अशा ठिकठिकाणी त्यांनी आईच्या गुलाबी नेलपॉलिशचे बारीक ठिपके दिले. आम्ही भावंडं त्यावरून त्यांना फार हसायचो.

गेल्या काही वर्षांत गाडी दमली होती. चढावर रडायची, धूर जास्त. शेजारी एकशेसाठ-दोनशे सीसीच्या गाड्या भुर्रकन निघून जायच्या. त्यात मोबाईलवर एका 'ट्यूनर'चे व्हिडिओ दिसू लागले. गॅरेज मोठ्या शहरात, भिंतीला काळा रंग, वर निळे दिवे. त्याचं म्हणणं असं की जुन्या आरएक्सला आजचे पार्ट टाकले तर ११ची १८ हॉर्सपॉवर होते. फोन केला. माणूस बोलायला लोण्यासारखा. पहिल्याच फोनवर मला 'सर' न म्हणता 'दादा' म्हणाला आणि आप्पांच्या शाळेची चौकशी केली. इथेच मी अर्धा विरघळलो.

यादी त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवली. '१३५चा ब्लॉक-पिस्टन' (म्हणजे मोठ्या आरएक्स १३५चा) १८,०००, '२८ एमएम जपानी फ्लॅट स्लाइड कार्ब' ९,५००, 'कार्बन फायबर रीड' (आत येणाऱ्या मिश्रणाची झडप) ३,५००, 'रेसिंग सीडीआय' ४,५००, एक्स्पान्शन चेंबर (रेसिंगचा सायलेन्सर) ७,५००, पुढचा डिस्क ब्रेक सगळ्या सामानासह ११,०००, मजुरी ६,५००. बेरीज ६०,५००. आणि खाली एक ओळ: 'जुना माल जमा, वजा ३,०००.' बिल मागितलं तर म्हणाला, "दादा, पार्टवर २८ टक्के जीएसटी लागेल, उगाच कशाला सरकारला द्यायचे?" मी दुकानदार माणूस. हे वाक्य माझ्या काउंटरवर मी रोज ऐकतो आणि रोज झिडकारतो. त्या दिवशी हसून 'बरं' म्हणालो.

ती 'जुना माल जमा'वाली ओळ मी नीट वाचलीच नाही. अख्खी फसवणूक त्या एका ओळीत होती, बाकीची यादी मला गुंगवायला होती.

जानेवारी २०२४ला टेम्पोत गाडी टाकून पाठवली. २५,००० आगाऊ. महिन्याभराने टेबलावर मांडलेल्या चकचकीत पार्टचे फोटो आले, त्यावर २०,००० गेले. तिन्ही वेळा पैसे वेगवेगळ्या नावांच्या यूपीआयवर घेतले. एकदा 'भावाचं खातं', एकदा 'सप्लायर'. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात गाडी आली आणि शेवटचे १२,५०० दिले.

खरं सांगतो, पहिले आठ दिवस मी हवेत होतो. चेंबरचा आवाज असा की सगळी गल्ली दारात. मीटरचा काटा बघता बघता ९५वर. मागे बसलेल्या भाच्याने फोनवर वेग मोजला आणि म्हणाला, "मामा, हे तर ७४ दाखवतंय." मी त्यालाच गप्प केलं, फोनला काय कळतं म्हणून. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो, एवढं साधं गणित. मीटरचं कारण नंतर समजलं. आरएक्सचं मीटर पुढच्या चाकाच्या हबमधून केबलवर चालतं. डिस्क बसवताना हब बदलला, तो दुसऱ्याच कुठल्या गाडीचा, त्यातल्या मीटर-वर्मचे, म्हणजे मीटरची केबल फिरवणाऱ्या गिअरचे, दाते वेगळे. चाक तेवढंच फिरतंय, काटा मात्र पुढे पळतोय. व्हिडिओत दाखवतात तो 'एकशेवीस'चा काटा बघून भुलू नका.

त्याने आणखी एक केलं होतं. टू-स्ट्रोक इंजिनला पेट्रोलसोबत तेल पुरवणारा ऑईल पंप बंद करून टाकला होता. 'रेसिंग सेटअपला पंप नको, पेट्रोलमध्येच लिटरला १५ मिली सिंथेटिक ऑईल टाका, पुरे.' मी औषधं मोजायच्या मापाने अगदी इमानदारीत १५ मिली टाकत होतो.

मे महिन्यात भरदुपारी धुळ्याला निघालो. पारोळा मागे पडलं, हायवे मोकळा, आपलं खान्देशातलं ऊन तुम्हाला सांगायला नको. इंजिनचा आवाज हळूहळू कोरडा होत गेला, रिकाम्या डब्यात खडे हलवावेत तसा. मला वाटलं चेंबरचा नट सैल झाला असेल. आणि मग मागचं चाक कचकन धरलं गेलं. गाडी डांबरावर घसपटत आडवी व्हायला लागली. हाताने क्लच कसा दाबला गेला मला आठवत नाही, पण दाबला म्हणून आज लिहितोय. मागून कांद्याचा ट्रक येत होता. त्याने हॉर्न मारत बाजू काढली.

गाडी छोट्या हत्तीत घालून अमळनेरला चाचांकडे आणली. चाचा आमच्याकडचे जुने मिस्तरी, टू-स्ट्रोकच्या काळातले. ट्यूनरकडे पाठवताना त्यांना विचारलं नव्हतं, म्हणून जाताना पाय जड झाले होते. ते काही बोलले नाहीत. आधी प्लग काढून हातावर घेतला. पांढरा, खडूसारखा. प्लग कॉफीच्या रंगाचा हवा. पांढरा म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी, इंजिन आतून भाजतंय. कार्ब्युरेटरची वाटी उघडली, मेन जेट (ज्याच्या बारीक भोकातून पेट्रोल जातं तो) काढून डोळ्याजवळ धरला. जेटवर आकडा कोरलेला असतो, यावर काहीच नव्हतं. भोक मोठ्या कार्बचं आणि जेट कुठला तरी अंदाजपंचे. वर तेल अर्धं. साध्या मिश्रणालाही मी ३० मिलीच्या खाली जाऊ देत नाही, असं चाचा म्हणाले.

मग हेड उघडलं. ब्लॉक ओढून काढला तर पिस्टनवर उभे ओरखडे, रिंग चिकटलेल्या. चाचांनी पेट्रोलने भिजवलेल्या फडक्याने पिस्टनचं डोकं पुसायला घेतलं. काजळी निघत गेली आणि खालून आकडा वर आला: ५०.

मला काहीच कळलं नाही. ते उठले, शेजारच्या लेथवाल्याकडून व्हर्नियर (बारीक मापं घ्यायचं साधन) आणला, पिस्टन धरला आणि माझ्या हातात दिला. "वाच." ५०.४ आणि थोडं वर.

आरएक्स १००चा मूळ बोअर, म्हणजे सिलिंडरचा आतला व्यास, ५० मिलिमीटर, स्ट्रोकही, म्हणजे पिस्टनची खालीवर चाल, ५०. १३५चा स्ट्रोक तोच, बोअर मात्र ५८. म्हणजे माझ्या गाडीत १३५चा ब्लॉक कधी गेलाच नव्हता. साधा शंभरचाच ब्लॉक, अर्धा मिलिमीटर ओव्हरसाईज पिस्टन घालून. पिस्टनवरचा ५० हा त्या अर्ध्या मिलिमीटरचाच आकडा. दुकानातल्या कॅल्क्युलेटरवर मी हिशेब केला: ९८चे १०० सीसी झाले होते. दोन सीसीसाठी १८,००० रुपये. चाचा म्हणाले, ५८चा स्लीव्ह (ब्लॉकच्या आतली नळी) बसवायचा तर खालच्या केसचं, म्हणजे इंजिनच्या खोक्याचं, तोंडसुद्धा मोठं करावं लागतं, इथे केसला कुणी हातच लावलेला नाही. हे बघायला इंजिन पूर्ण खोलायचीही गरज नव्हती. पैसे देण्याआधी पिस्टनवर व्हर्नियर लावलेला एक फोटो मागितला असता तरी पुरलं असतं.

आप्पा तोपर्यंत येऊन उभे होते. त्यांनी चष्मा वर केला आणि ब्लॉकच्या पात्या एकेक करून बघितल्या. ठिपका नाही. कार्ब्युरेटर तर उघडच दुसरा. मग सीटखाली हात घालून ते 'रेसिंग सीडीआय' बाहेर ओढलं. वर लाल-काळं स्टिकर. नखाने कोपरा उचलून त्यांनी ते सोललं. खाली गुलाबी ठिपका.

आमचाच सीडीआय, स्टिकर लावून ४,५००ला आम्हालाच विकलेला.

"भो, हाऊ ब्लॉक तुना नही शे," चाचा म्हणाले. "कितला पैसा दिन्हात?" आकडा सांगितल्यावर त्यांनी फक्त मान हलवली. मग जे सांगितलं ते मला आधी कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. अशा गाडीत काय बसवलं यापेक्षा काय काढलं ते मोठं. आप्पांचा मूळ ब्लॉक एकदाही बोअर न झालेला, मिकुनीचा कार्ब कंपनीने बसवलेला. गाडी बंद होऊन इतकी वर्षं झाली, तो माल आता नव्याने बनत नाही, आणि शौकीन लोक त्यासाठी हवे ते पैसे मोजतात. तो माणूस माझ्याकडे नवे पार्ट विकायला आलाच नव्हता, जुने घ्यायला आला होता. आणि ते मी त्याला ३,००० रुपयांत दिले, ते ३,०००सुद्धा माझ्याच बिलातून वजा करून.

निदान केस बदलली नव्हती. इंजिन नंबर केसवर असतो. तीही उचलली असती तर आरसी बुकाशी नंबर जुळला नसता आणि २०२६च्या पासिंगला चोरीच्या गाडीसारखं उभं राहावं लागलं असतं. गाडी कुणाच्याही हवाली करण्याआधी चेसिस आणि इंजिन नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून ठसा घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

ट्यूनरला फोन लावला. आधी म्हणाला, तुम्हीच रनिंग-इन नीट केलं नाही. व्हर्नियरचा फोटो पाठवल्यावर आवाज बदलला. "दादा, करा तक्रार. गाडी मॉडिफाय कुणी केली? तुम्ही. आरटीओ आधी तुम्हालाच धरेल." आणि नंबर ब्लॉक.

यात तथ्य आहे, म्हणूनच ही धमकी चालते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत परवानगीविना फेरफार करता येत नाही, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९मध्ये तेच ठासून सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक फेरफारामागे ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. चेंबरच्या आवाजाचं आणखी वेगळं. मी ते सगळं उतरवून टाकलं. पण माझी चूक वेगळी आणि त्याने केलेली लबाडी वेगळी, हे आमच्या ओळखीच्या वकिलांनी डोक्यात बसवलं. तो सांगतो ते ऐकून घरी बसणाऱ्यांवरच त्याचं दुकान चालतं.

सायबर फसवणुकीच्या १९३०वर फोन केला, पण तो नंबर ताज्या व्यवहाराला उपयोगाचा. पैसे गेल्या-गेल्या कळवलं तर खातं गोठवता येतं. माझे हप्ते चार महिन्यांत, माझ्याच हाताने गेलेले. पोलिसांत लेखी अर्ज देऊन पोच घेतली. जळगावला जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, मुदत दोन वर्षांची. बिल नाही म्हणून हातपाय गळाले होते, पण वकील म्हणाले व्हॉट्सअ‍ॅपवरची यादी, यूपीआयच्या नोंदी, टेम्पोची पावती हेही पुरावेच. त्यांनी सगळ्यात जास्त जपलं ते सोललेलं स्टिकर. प्लास्टिकच्या पिशवीत घालून फाइलला लावलंय. नोटीस एकदा 'पत्त्यावर नाही' म्हणून परत आली, आता दुसऱ्या पत्त्यावर पाठवली आहे.

गाडी चाचांकडे आहे. ऑईल पंप त्यांनी परत जोडला, पुढे ड्रम ब्रेक बसवला, चेंबर काढून जुन्या नमुन्याचा सायलेन्सर लावला. ब्लॉक शोधणं चालू आहे. मालेगावला एक आहे म्हणतात, मोजल्याशिवाय घ्यायचा नाही असं ठरलंय आणि व्हर्नियर आता माझा स्वतःचा आहे. आप्पा मला फार बोलले नाहीत. "तुले सांगेल व्हतं मी," एवढं एकदाच. दुसऱ्या दिवशी आईकडे नेलपॉलिश मागायला गेले. गुलाबी संपलंय म्हणाली, तर तांबडं घेऊन आले.