खाऱ्या दलदलीचा कार्बन मोजताना: चेंबर की मनोरा?

ओहोटीला उंच गवताखालचा चिखल किती कार्बन डायऑक्साइड सोडतो आणि शेजारचा उघडा चिखल किती, हे तपासायचं असेल तर चेंबर घ्या, म्हणजे चिखलावर बसवून आतल्या वायूची वाढ मोजायची बंद पेटी. अख्ख्या दलदलीचा वर्षाचा हिशेब हवा असेल तर एडी कोव्हेरियन्सचा मनोरा, म्हणजे वाऱ्याच्या भोवऱ्यांबरोबर वर-खाली जाणारा वायू मोजणारा. दोन्हींचं एकक एकच असलं, तरी आकडे एकमेकांच्या जागी वापरता येत नाहीत.

चेंबर स्वस्त आहे, पण हात कच्चा असला की फसवतो. कॉलर, म्हणजे चेंबर ज्यावर बसतं ती चौकट, चिखलात 5 ते 10 सेंटिमीटर रोवा आणि मोजणीपूर्वी काही आठवडे तशीच राहू द्या. नुकती तुटलेली मुळं कुजताना जास्तीचा वायू निघतो. कॉलरला जमिनीलगत भोकं ठेवा, नाहीतर भरतीचं पाणी आत तुंबतं. मोजताना ती बुचांनी बंद करा. उभं राहायला फळी हवीच. चिखलावर पाय पडला की अडकलेला वायू बाहेर दाबला जातो आणि आलेखात सुरुवातीलाच उडी दिसते. असं वाचन सरळ टाकून द्या.

आधी पारदर्शक झाकणाने 3 मिनिटं, मग हवा मोकळी करून काळ्या कापडाखाली पुन्हा 3 मिनिटं. दोन्ही वाचनांतला फरक म्हणजे प्रकाशसंश्लेषण. उन्हात आतली हवा झपाट्याने तापते, म्हणून वेळ वाढवू नका. 60×60 सेंटिमीटरच्या, 1 मीटर उंच चेंबरमध्ये 25 अंशांना दर 10 सेकंदांनी 1 पीपीएम (दहा लाखांत एक भाग) वाढ झाली, तर प्रवाह साधारण 4.1 मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद येतो. हीच गती दिवसभर धरली तर सुमारे 4.2 ग्रॅम कार्बन.

पण ती तशी धरायची नाही. चेंबरची वाचनं बहुधा दिवसाची आणि ओहोटीची असतात. त्यांना 365 ने गुणणं ही नेहमीची चूक. रात्र हवी, उधाण (मोठी भरती) हवं, भांगही (लहान भरती) हवा.

मनोरा दिवसरात्र चालतो. वाऱ्याची उभी गती आणि वायूचं प्रमाण सेकंदाला 10 ते 20 वेळा टिपून तो अर्ध्या तासाचा प्रवाह देतो. ढोबळ नियम असा की गवतावर 3 मीटर उंचीच्या सेन्सरला वाऱ्याच्या दिशेने 300 मीटर एकसारखी दलदल लागते. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या सॅपेलो बेटाजवळ स्पार्टिना गवताचे असे विस्तीर्ण पट्टे आहेत. कोकणातल्या खाड्यांच्या काठी बऱ्याच ठिकाणी गवताचा पट्टा काही मीटरांचाच असतो आणि मागे लगेच खारफुटी. तिथे मनोरा खारफुटीचाच हिशेब सांगेल. तिथे चेंबरच बरा.

मनोऱ्याची खरी कसोटी भरतीला लागते. पाण्यात वायूचं विसरण हवेपेक्षा सुमारे 10,000 पट मंद, त्यामुळे चिखल बुडाला की प्रवाह घटतो. वारा पडलेल्या निवांत रात्रीची वाचनं वगळावी लागतात. त्या रिकाम्या जागा फक्त तापमान आणि प्रकाश पाहून भरल्या तर वर्षाचा आकडा बिघडतो. पाण्याच्या पातळीचा सेन्सर म्हणूनच पहिल्या दिवसापासून लावा. उघड्या मार्गाच्या, म्हणजे मोकळ्या हवेतच वायू मोजणाऱ्या, विश्लेषकाच्या काचेवर मिठाचा थर बसतो, ती ऊर्ध्वपातित पाण्याने नियमित धुवा.

क्षारता 18 पीपीटीच्या (हजारात 18 भाग) वर असेल तर समुद्राच्या पाण्यातल्या सल्फेटमुळे मिथेन सहसा कमी राहतो. त्याखाली मिथेनही मोजा.

मात्र मनोऱ्याने दाखवलेलं निव्वळ शोषण म्हणजे गाडला गेलेला कार्बन नव्हे, आणि कार्बन क्रेडिटच्या कागदांसाठी हा फरक कळीचा आहे. मुळांनी आणि जिवाणूंनी सोडलेला कार्बन डायऑक्साइड चिखलातल्या पाण्यात विरघळतो, बराचसा बायकार्बोनेट होऊन ओहोटीबरोबर खाडीत जातो. चेंबर आणि मनोरा दोघांनाही तो दिसत नाही. गाडलेला कार्बन हवा असेल तर गाळाचा कोर काढून शिसे-210 या किरणोत्सारी शिशाने वय ठरवा. वाहून गेलेला हवा असेल तर ओढ्याच्या तोंडाशी सलग 25 तास, म्हणजे दोन भरत्या पूर्ण होईपर्यंत, प्रवाहाचा वेग मोजत दर तासाला बुडबुडा न ठेवता पाण्याची एक काचेची बाटली भरा. एकदा उधाणाला, एकदा भांगाला.