एमजीबीचे मीटर: जुनेच उजळवायचे की दुसरे बसवायचे?

१९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या ॲबिंग्डनला बनलेल्या एमजीबी या स्पोर्ट्स गाडीच्या डॅशबोर्डवर स्मिथ्स कंपनीचे मीटर असत. डायल फिकट, काच धूसर, क्रोमची रिंग गंजलेली दिसली की दुसऱ्या गाडीतून काढलेला मीटर बसवण्याचा मोह होतो. काम झटपट, खर्चही बहुधा कमी. पण वरून सारखा दिसणारा मीटर आतून सारखा असेलच असं नाही.

स्पीडोमीटरच्या डायलवर खाली एक बारीक आकडा असतो, उदाहरणार्थ १२८०. म्हणजे मैलामागे केबलचे इतके फेरे. तुमच्या गिअरबॉक्सशी तो जुळला नाही, तर काटा बिनदिक्कत खोटं बोलणार. इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या टॅकोमीटरचं दुखणं याहून वाईट. सुरुवातीच्या गाड्या ‘पॉझिटिव्ह अर्थ’च्या, म्हणजे बॅटरीचं धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेल्या; नंतरच्या ‘निगेटिव्ह अर्थ’च्या, म्हणजे ऋण टोक जोडलेल्या. चुकीचा जोडला तर आतलं सर्किटच जळू शकतं.

जुना उजळवायचा तर रिंग फिरवून खाचांतून सोडवणं, काच धुणं, रबर सील बदलणं एवढं घरी जमतं. डायलवर मात्र ओला बोळा फिरवू नका, आकड्यांची छपाईच निघून येईल. तेलदाब आणि तापमानाचा जोडमीटर सरळ कारागिराकडे द्यावा. त्याच्या तापमानाच्या बारीक नळीत ईथर, म्हणजे चटकन उडून जाणारं द्रव असतं. नळी तुटली की तो काटा मेला. महिनोन्‌महिने थांबावं लागलं तरी स्पीडोमीटर, टॅकोमीटर आणि हा जोडमीटर मी जुनेच ठेवीन. पेट्रोलचा मीटर? त्याच सालचा मिळाला तर खुशाल बदला.