हेड खोलायचं की लायनरपर्यंत जायचं? कॉम्प्रेशन टेस्ट आणि लीक-डाउन टेस्ट

पहाटे ट्रक चालू केला की इंजिन थडथडतं, सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो आणि दहा मिनिटांनी गरम झालं की जवळपास सुतासारखं चालतं. सहापैकी एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आत हवा दाबली जाण्याचा जोर) कमी झालं की बहुधा असंच होतं. मिस्त्री हात पुसत म्हणतो, "शेठ, हेड (सिलिंडरांवरचं झाकण) खोलू या." जरा थांबा. आधी टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागातली फट) तपासा, कारण टॅपेट टाइट असेल तर व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण बसत नाही. नोझलची (डिझेल फवारणाऱ्या तोटीची) खात्री करून घ्या. मगच टेस्टवर पैसे घाला.

कॉम्प्रेशन टेस्टला नोझल काढून त्या जागी गेज लावतात आणि डिझेल बंद ठेवून स्टार्टर मारतात. धडधाकट इंजिन साधारण 25 ते 35 बार दाखवतं. नेमका आकडा त्या इंजिनच्या मॅन्युअलमध्ये बघायचा. पेट्रोल गाडीचं गेज इथे कामाचं नाही, त्याचा काटा 20 बारच्या आसपासच संपतो. बॅटरी ढिली असेल तर सहाही आकडे खाली येतात, म्हणून खरं बघायचं ते आपसातला फरक. पाच सिलिंडर 28 आणि एक 19, म्हणजे चोर सापडला. शेजारशेजारचे दोन खाली असतील तर संशय त्यांच्यामधल्या हेड गॅसकेटवर (हेडखालच्या सीलवर). पण एकटाच खाली असेल तर हवा कुठून जाते, ते गेज सांगत नाही. त्यासाठी काही जण वरून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा आकडा घेतात. पेट्रोलला ठीक आहे, डिझेलला करू देऊ नका. पिस्टनवर जागाच इतकी थोडी असते की तेलानेच आकडा फुगतो, शिवाय तेल पेटूही शकतं.

लीक-डाउनला वेळ जास्त लागतो. प्रत्येक सिलिंडर कॉम्प्रेशनच्या टोकाला आणायचा, दोन्ही व्हॉल्व्ह बंद असल्याची खात्री करायची, मग कॉम्प्रेसरची 6-7 बार हवा सोडायची. फ्लायव्हील अडवलेलं हवं, नाहीतर हवा पिस्टनला ढकलते आणि पंख्याजवळचा हात जातो. नंतरचं काम कानाचं. एअर फिल्टरच्या पाइपात फुसफुस ऐकू आली तर इनलेट व्हॉल्व्ह. सायलेन्सरमध्ये आली तर एक्झॉस्ट. रेडिएटरचं झाकण काढल्यावर बुडबुडे दिसले तर गॅसकेट किंवा हेडला क्रॅक. ऑइल भरायच्या तोंडातून जोराची हवा आली तर पिस्टनच्या रिंगा, लायनर (पिस्टन ज्यात फिरतो ती नळी) किंवा पिस्टन. तिथे थोडी हवा चांगल्या इंजिनातही येते, तेवढ्याने घाबरू नका.

पहिल्या तीन ठिकाणी बहुतेकदा हेडच्या कामात भागतं. चौथ्यात खालचं ऑइलचं चेंबरही उतरवायला लागतं आणि बिल कुठल्या कुठे जातं. म्हणून चालत्या गाडीचा एकच सिलिंडर रुसला असेल आणि एकाच टेस्टचे पैसे द्यायचे असतील, तर मी लीक-डाउनचे देईन.

नुसता ब्रीदरचा (इंजिनातली आतली हवा बाहेर सोडणाऱ्या नळीचा) धूर बघून मात्र निकाल देऊ नका. ब्रेकच्या एअर कॉम्प्रेसरच्या रिंगा गेल्या किंवा टर्बोचं सील गेलं, तरी ब्रीदर तसाच फुंकतो.

कॉमन रेल गाडीत (सगळ्या नोझलना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल मिळतं अशा) काही स्कॅनर स्टार्टरच्या वेगावरून सिलिंडरांची तुलना दाखवतात. काही खोलावं लागत नाही, तेव्हा सोय असेल तर ते आधी करा. सगळे सिलिंडर सारखेच झिजले असतील तर तो फसतो. आणि जुन्या पंपाच्या गाडीसारखे नोझलचे पाइप ढिले करून मिसिंग (नीट न पेटणारा सिलिंडर) शोधायला इथे जाऊ नका. हजार बारच्या वरचं डिझेल कातडीतून आत घुसतं.

जुनी गाडी विकत घेताना मात्र मी कॉम्प्रेशनचं गेजच लावायला सांगेन, त्यातही ती पुराच्या पाण्यातून आलेली असेल तर नक्कीच. इंजिनाने पाणी ओढलं की कनेक्टिंग रॉड वाकतो, पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि कॉम्प्रेशन पडतं. हवा कुठूनच गळत नसल्याने लीक-डाउन त्या सिलिंडरला पास करून टाकतो.