ला रोशफुको घराण्याची वंशावळ आणि गॅलिका: फुकट आहे, पण शोधखिडकीवर भिस्त नको

फ्रान्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयाची गॅलिका ही सेवा फुकट आहे, खातंही उघडावं लागत नाही. जुन्या सरदार घराण्यांच्या वंशावळी मुळातून तपासायच्या तर पहिलं दार हेच.

पेर आन्सेल्म या फ्रेंच वंशावळकाराच्या ग्रंथाची तिसरी आवृत्ती (९ खंड, १७२६–३३) इथे आहे. ला रोशफुको हे फ्रेंच सरदार घराणं चौथ्या खंडात. मात्र नाव टाकून शोधलं की निम्म्या जागा निसटतात. जुन्या छपाईत शब्दाच्या पोटातला ‘एस’ लांबट असतो, थेट ‘एफ’सारखा, आणि यंत्र तो ‘एफ’च वाचतं. त्यामुळे ‘मार्सियाक’ हा या घराण्याचा किताब तीनदा शोधावा लागतो: एकदा सी, एकदा एस, एकदा एफ घालून. आडनावाच्या शेवटीही कधी डी, कधी टी. त्यापेक्षा अनुक्रमणिकेवरून पान गाठलेलं बरं. पडद्यावरचा ‘वू’ (प्रतिमेचा) क्रमांक आणि छापील पानाचा क्रमांक जुळत नाहीत. टिपणात दोन्ही लिहा.

खरा घोळ होतो तो किताबांत. या घराण्यात थोरल्या मुलाचं नाव पिढ्यानपिढ्या फ्राँस्वाच, आणि सतराव्या शतकात बाप हयात असेपर्यंत वारस ‘प्रिन्स द मार्सियाक’ म्हणवायचा. म्हणजे १६४० च्या कागदातला मार्सियाक हा सहावा फ्राँस्वा (सूक्तिकार, १६१३–८०), तर १६६० मधला त्याचा मुलगा, सातवा. कागदाची तारीख न बघता नाव वंशवृक्षात चढवलं की बाप-लेक एक होतात. जिनियानेट या वंशावळींच्या साइटवर सभासदांनी चढवलेल्या वृक्षांत अशी चूक एकाची दुसऱ्याकडे उतरते. ते वृक्ष दिशा कळण्यापुरते ठेवा.

डची-पीअर (ड्यूकपद आणि सरदारांतलं सर्वोच्च स्थान) या मानाला तर तीन तारखा असतात: सनद १६२२, पार्लमाँ या पॅरिसच्या उच्च न्यायालयाच्या दप्तरात नोंद १६३१, आणि ड्यूकचा तिथे प्रत्यक्ष स्वीकार १६३७. नवशिके पहिलीवर थांबतात. पण सें-सिमों या दुसऱ्या सरदार घराण्याची सनद आणि स्वीकार दोन्ही १६३५ चे. दरबारात पुढे कोण बसणार यावर दोन्ही घराणी भांडली. १७११ च्या राजाज्ञेने स्वीकाराची तारीख धरली आणि तेरा वर्षं जुनी सनद असूनही ला रोशफुको मागे गेले. म्हणून तिन्ही तारखांसाठी वेगळे रकाने आखा.

हस्तलिखितांत ‘दोसिए ब्ल’ आणि ‘कारे दोझिए’ हे वंशावळीच्या कागदांचे संग्रह बघा. मजकूर-शोध इथे चालत नाही, पानं उलटावी लागतात, आणि बऱ्याच प्रती मायक्रोफिल्मवरून काढलेल्या, काळपट. अक्षर किचकट असेल तर मोठी प्रतिमा उतरवून घेऊन वाचा.

बाप्तिस्मा-लग्नाच्या नोंदवह्या मात्र गॅलिकावर शोधू नका. शारांतमधल्या मूळ गावच्या वह्यांसाठी त्या जिल्ह्याच्या दप्तरखान्याची साइट आहे. पॅरिसच्या वह्या १८७१ च्या आगीत गेल्या. त्या शहरातले जन्म-मृत्यू राष्ट्रीय दप्तरखान्यातल्या नोटरींच्या कागदांवरून जुळवावे लागतात. आजच्या वारसाचा किताब खरा की नुसता मिरवायचा, हे ठरतं न्याय मंत्रालयाच्या मुद्रा विभागाच्या आदेशावर.