आठ काठ्या आणि एक तळं: गटासाठी घेतलेल्या गरवण्याच्या सामानाचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेले नऊ महिने दर शनिवारी सकाळी आठ काठ्या तळ्यावर न्यायच्या, लोकांच्या हातात द्यायच्या आणि दुपारी मोजून परत आणायच्या, हे काम मी करते आहे. आमच्या वस्तीत दुसऱ्या देशांतून नव्याने राहायला आलेली बरीच कुटुंबं आहेत. त्यांची इथल्यांशी ओळख व्हावी म्हणून आम्ही काही जण भाषेचा वर्ग चालवतो. एकदा येऊन पुन्हा न फिरकणारे पुष्कळ होते, विशेषतः वयस्क माणसं. त्यांच्यासाठी गरवण्याचा, म्हणजे गळ टाकून मासे धरण्याचा, गट सुरू केला. सामान घेण्याआधी मी लोकांचे अनुभव वाचत बसले होते, पण ते सगळे एकट्याने गरवणाऱ्यांचे. एकच काठी पंधरा नवख्या हातांतून गेली की तिचं काय होतं, आणि त्या पंधरा माणसांचं काय होतं, हे कुठे सापडलं नाही.

आधी काठ्या. सात फुटी टेलिस्कोपिक, म्हणजे तुकडे एकात एक सरकून मिटणाऱ्या, घेतल्या, कारण आठही एका पिशवीत मावतात. ही निवड चुकली. उघडताना टोकाकडून सुरुवात करायची आणि मिटताना बुडाकडून, हा साधा नियम. पण नवा माणूस मिटताना हमखास टोकच दाबतो. पहिल्या दोन महिन्यांत तीन शेंडे मोडले. सांध्यांत वाळू गेली की काठी अडकते ती वेगळीच. मोडलेल्यांच्या जागी दोन तुकड्यांच्या जोडकाठ्या आणल्या, त्यातली एकही अजून मोडलेली नाही. शेंडा मोडला की माणूस किती खजील होतो, हे मी पाहिलं आहे. नव्या जागी आधीच अंग चोरून वावरणाऱ्याच्या हातून पहिल्याच दिवशी वस्तू तुटणं फार वाईट. एक जण त्यानंतर महिनाभर आला नाही. म्हणून काठी दणकट घ्या, देखणी नसली तरी चालेल.

रिळं साधी, २५०० मापाची. त्यांची मूठ डावीकडे-उजवीकडे बदलता येते, हा गटासाठी मोठा फायदा. अडचण एकच: मासा ओढत असताना रिळाचा ब्रेक सुटून तंगूस, म्हणजे गळाचा नायलॉनचा दोरा, बाहेर जात असतो आणि नवखा माणूस घाबरून मूठ फिरवतच राहतो. त्याने तंगूसाला पीळ पडतो आणि पुढच्या फेकीला गुंता होतो. सुरुवातीला अर्धी सकाळ गुंता सोडवण्यात जायची. मला तेव्हा त्याचा वैताग यायचा. आता वाटतं, पहिल्या ओळखी त्या गुंत्यांवरच झाल्या. दोन माणसं एका गुंत्यावर वाकली की एकाने धरायचं, दुसऱ्याने ओवायचं. भाषा लागत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसले ती. आमच्याकडे एक आजोबा यायचे. सहा शनिवार आले, काठी घेतली, एका बाजूला बसले, एक शब्द बोलले नाहीत. आम्ही त्यांना रिळाची कमान (तंगूस अडवून धरणारी तार) कशी उघडायची, बोटाने तंगूस कसा धरायचा, हे पुन्हा पुन्हा दाखवत होतो आणि ते मान हलवत होते. सातव्या शनिवारी त्यांनी काठी शांतपणे खाली ठेवली. पिशवीतून प्लास्टिकची रिकामी बाटली काढली. तिच्याभोवती तंगूस गुंडाळलेला, टोकाला वजन आणि गरी, म्हणजे गळाचा आकडा. बाटलीचं तोंड पाण्याकडे धरलं, दुसऱ्या हाताने वजन दोनदा गरगर फिरवून सोडलं. वेढे बाटलीच्या गळ्यावरून सळसळत सुटत गेले आणि गरी आमच्या कुणाच्याही फेकीपेक्षा लांब जाऊन पडली. तंगूस तर्जनीवर घेऊन ते उभे राहिले. सगळे गोळा झाले. रिळात जे घडतं तेच त्या बाटलीवर घडत होतं: स्थिर गुंडाळीवरून वेढे सुटतात. आम्ही सहा आठवडे त्यांना जे शिकवत होतो ते त्यांना जन्मभर येत होतं. आम्ही विचारलंच नव्हतं.

त्यानंतर गटाची रीत बदलली. दर शनिवारी एक जण आपल्याकडची पद्धत दाखवतो. गाठी आवळण्याआधी थुंकीने ओल्या करायच्या, हे आजोबांनी दाखवलं. कोरडी गाठ आवळताना घर्षणाने नायलॉन तापून कमजोर होतो. बाटल्या आता सहा आहेत आणि मुलं काठी सोडून त्याच मागतात. नवीन आलेल्यांना सामावून घ्यायचं म्हणजे त्यांना आपलं शिकवायचं, असं मीही धरून चालले होते. पण माणूस रुळतो तो त्याच्याकडून कुणीतरी काही शिकलं की. आजोबा वर्गालाही येऊ लागले, सांगायचे शब्द हवे होते म्हणून.

मन हलकं होतं का, असं विचारलं जातं. होतं, आणि त्याचं कारण मला तरी बसण्याच्या पद्धतीत दिसतं. समोरासमोर बसलं की बोलावं लागतं. इथे शेजारी-शेजारी बसून दोघेही पाण्यावर तरंगणाऱ्या गळाच्या बोंडाकडे बघत असतात, मधली शांतता कुणाला टोचत नाही. जड गोष्टी मी ऐकल्या त्या सगळ्या पाण्याकडे बघत सांगितलेल्या. पण पाणी सगळ्यांना शांत करत नाही, हे आधी लक्षात घ्यायला हवं होतं. एक तरुण होडीतून समुद्र ओलांडून आलेला. तो काठापासून दहा पावलं मागेच थांबायचा. त्याला कुणी आग्रह केला नाही. गऱ्या बांधायचं काम त्याने आपणहून घेतलं आणि आजही तो झाडाखालीच बसतो. तिथे बसणं म्हणजेही गटात असणं.

परवान्याचं मात्र आधी बघा. जर्मनीत बहुतेक ठिकाणी परवान्याआधी परीक्षा असते. इंग्लंडमध्ये गोड्या पाण्यात गरवायला १३ वर्षांपासून पुढे परवाना लागतो. नॉर्वेच्या समुद्रात स्वतःपुरतं गरवायला तो लागतच नाही. कुठे लहान मासा सोडणं सक्तीचं, तर स्वित्झर्लंडमध्ये केवळ सोडण्याच्या हेतूने पकडणं कायद्याला मान्य नाही. जो एका ठिकाणी वाढला त्याला दुसऱ्या ठिकाणचा नियम उपजत कळणार कसा? आमच्यातले दोघे एकदा आपले आपण गेले. खिशात वैध परवाना होता, पण तपासणाऱ्याने आवाज चढवला आणि त्यांना तो दाखवायचा असतो हेच कळलं नाही. दोघे इतके दुखावले की दोन आठवडे आले नाहीत. नियम बघूनच कळावेत म्हणून मग माशांची चित्रं आणि बाजूला खऱ्या मापाची पट्टी असलेला कागद केला, प्लास्टिकमध्ये घालून प्रत्येकाला दिला. सगळ्या सामानात सगळ्यात उपयोगी वस्तू हीच.

सोबत आलेल्या गऱ्या काढून टाका, किंवा त्यांचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाका. मासाही लवकर सुटतो आणि कुणाच्या बोटात रुतली तरी निघते. आम्ही वर्तुळाकार, म्हणजे टोक आत वळलेली, गरी वापरतो. तिला झटका द्यायचा नसतो, नुसतं गुंडाळत राहिलं की ती बहुधा ओठाच्या कडेला बसते, पोटात जात नाही. झटका देणाऱ्यांकडून तोच मासा निसटतो, म्हणून इथे घाई नसलेली वयस्क मंडळी जिंकतात. मासा धरण्याआधी हात ओले करायचे, कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो. संचातली वजनं शिशाची होती आणि मुलं ती दातांनी दाबून बसवत होती. ते पाहून माझं काळीज हललं. त्याच दिवशी सगळी गोळा केली. ब्रिटनमध्ये शिशाच्या विषबाधेने हंस मरत म्हणून १९८७ पासून अशा लहान वजनांवर बंदी आहे. आता कथलाची वापरतो.

एक गोष्ट अजून जमलेली नाही. पहिले पाच महिने बायका जवळजवळ आल्याच नाहीत. आम्ही कारणं शोधत राहिलो आणि शेवटी एकीने स्पष्ट सांगितलं: त्या काठावर स्वच्छतागृह नाही. आम्ही जागा बदलून पलीकडच्या बाजूला गेलो. तिथे मासे कमी लागतात, सावलीही कमी आहे, पण मागच्या शनिवारी सात जणी होत्या. आता काठ्या कमी पडतात. पुढच्या खरेदीत चार जोडकाठ्या, मुलांसाठी बटण दाबून तंगूस सोडायची दोन रिळं आणि एक मोठी ताडपत्री घेणार आहे.