आजोबांची नाणी: अल्बम की पुठ्ठ्याचे होल्डर?

गुहागरचं घर आवरताना माझ्या वाट्याला बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा आला. आत दीडेकशे नाणी. राणीछाप रुपये, पाचव्या जॉर्जचे रुपये, अधेल्या, पावल्या, भोकाचे पैसे आणि तळाशी दहा-बारा शिवराया, म्हणजे मराठेशाहीतली तांब्याची नाणी. असा डबा हाती आला की दोन प्रश्न पडतात: किंमत कोणाकडून काढायची आणि नाणी ठेवायची कशात. मी दोन्हीत आधी ठेच खाल्ली.

किंमतीचं थोडक्यात सांगतो. सराफाकडे भाव दोन मिनिटांत कळतो, पण तो चांदीचा भाव. 1939 पर्यंतचा रुपया 11.66 ग्रॅमचा, त्यात चांदी 91.7 टक्के, म्हणजे निव्वळ साधारण 10.7 ग्रॅम. 1940 पासून चांदी निम्म्यावर आली आणि 1947 चा वाघाचा रुपया तर निकेलचाच. एवढा हिशोब घरबसल्या होतो. मी तरीही पायरी चढलो, आणि सराफांनी सवयीने रुपयाची कड कसोटीच्या दगडावर ओढली. त्यांच्या लेखी ती चांदी होती, माझ्या लेखी 1862 चा रुपया. चूक त्यांची नाही, मी नेलाच कशाला?

नाण्यांचा व्यापारी आधी वजनकाटा काढत नाही. तो भिंग काढतो आणि तीन गोष्टी बघतो: झीज किती, घासलंय का, कडी लावली होती का. आमच्याकडे हे रुपये दर दिवाळीला लक्ष्मीपूजनात बसायचे आणि त्याआधी चिंच लावून लखलखीत व्हायचे. राणीच्या केसांतलं हळदकुंकू अजून निघालेलं नाही, केसांच्या रेघा मात्र निघून गेल्या. दोन रुपयांना माळेसाठी कडी डाख देऊन बसवलेली होती. ते पुन्हा चांदीच्या भावावरच आले. पुण्या-मुंबईत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे तीन टेबलांवर तीच नाणी दाखवली तर तीन आकडे मिळतात. व्यापारी शेवटी खरेदीदार असतो, आकडा कमीच सांगणार. जाण्याआधी लिलावांचे जुने निकाल नेटवर चाळून गेलात तर बोलणं जरा सरळ होतं. पण तिथला भाव उत्तम अवस्थेतल्या नाण्याचा असतो, चिंचेने घासलेल्याचा नाही.

माझ्या मते सराफ नको, व्यापारी हवा, आणि पहिल्या भेटीत विकायचं नाही. वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये देणारे फोनवाले या हिशोबात धरलेलेच नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुनी नाणी-नोटा घेण्याच्या बहाण्याने कमिशन मागितलं जातं, असा इशारा बँकेनेच ऑगस्ट 2021 मध्ये दिला होता.

आता ठेवण्याचं. पहिला मी अल्बम घेतला. खिशांची पानं, जाड कव्हर, दिसायला झकास. पाहुणे आले की मांडीवर घेऊन पानं उलटायची. दोन पावसाळ्यांनंतर शिवराया हाताला चिकट लागायला लागल्या आणि कडेला हिरवट थर दिसला. खिसे पीव्हीसीचे होते. ते प्लास्टिक हळूहळू आम्ल सोडतं आणि तांब्याला आधी धरतं. हा चिकटा शुद्ध ॲसिटोनने निघतो (नेलपॉलिश रिमूव्हर वापरू नका, त्यात इतर बरंच काही असतं). पण खाली तांब्याला खड्डा पडला असेल तर तो भरत नाही. तरीही हा दोष मी अल्बमवर फार धरत नाही. पॉलिप्रॉपिलीनची पानं घेतली की प्रश्न मिटतो. पैसे थोडे जास्त पडतात, एवढंच.

माझं मन उडालं ते वेगळ्याच गोष्टीने.

डब्यात 1862 सनाचे अकरा रुपये निघाले. माहीत असणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, कारण तो सन 1874 पर्यंत नाण्यावर तसाच राहिला. मुंबई टांकसाळीचा रुपया नेमका कधीचा, ते मागच्या बाजूच्या बारीक ठिपक्यांवरून ताडतात. आणि ठिपक्यांप्रमाणे किंमतही बदलते. मी दोन रविवार खिडकीत बसून भिंगाने ठिपके मोजले. झिजलेला ठिपका आणि मळाचा कण यांत फरक करणं म्हणजे डोळ्यांची परीक्षाच. अकरा रुपये क्रमाने अल्बमच्या एका पानात लावले आणि यादी वहीत लिहिली.

प्रदर्शनात व्यापाऱ्याने साहजिकच नाणी बाहेर काढून मागितली. खिसे घट्ट. अंगठ्याने ढकलत एकेक काढलं, अकराच्या अकरा हिरव्या कापडावर. त्याने उलटसुलट पाहिली, शेजारच्याला दाखवली, तेवढ्यात चहा आला. परत भरायला घेतली तेव्हा माझी वही म्हणत होती तिसऱ्या खिशात अमुक, आणि माझ्या हातात अकरा जुळी भावंडं. दोन रविवार पाण्यात. पुन्हा मोजलं तेव्हा दोन नाण्यांचा आकडा पहिल्याशी जुळेना. आजही त्यांच्यापुढे प्रश्नचिन्ह आहे.

पुठ्ठ्याच्या होल्डरमध्ये ही भानगड होत नाही. दोन इंचाचा चौकोन, मध्ये मायलरची (पातळ प्लास्टिकची) पारदर्शक खिडकी, घडी घालून स्टेपल. आणि कडेच्या पांढऱ्या जागेत सन, टांकसाळ, ठिपके, कुठून आलं, सगळं लिहायचं. आधी लिहायचं, मग नाणं ठेवायचं, नाहीतर पेनचा दाब नाण्यावर पडतो. व्यापारी दोन्ही बाजू खिडकीतूनच बघतो. खरंच घ्यायचं असेल तरच पिना निघतात, आणि तेव्हाही पुठ्ठा शेजारीच असतो. नाणं आणि त्याची माहिती यांची ताटातूट होत नाही.

दोष आहेतच. पिनांची टोकं पक्कडीने सपाट केली नाहीत तर शेजारच्या होल्डरची खिडकी फाटते. कोकणातल्या हवेत पिना गंजतात. डब्यात सिलिका जेल ठेवावं लागतं आणि मधूनमधून बदलावं लागतं. नाण्याची किनार दिसत नाही. शिवराई जाड आणि वेडीवाकडी, तिच्यावर मायलर ताणून फाटतं, म्हणून शिवराया मी आम्लरहित कागदाच्या पाकिटांत ठेवल्या आहेत. गोल कॅप्सूल (एकेका नाण्याच्या कडक प्लास्टिकच्या डब्या) छान असतात, पण ते ठरावीक मापाचे, आणि शिवराई कुठल्याच मापात बसत नाही. शिवाय दीडशे कॅप्सूल म्हणजे डब्यातल्या काही नाण्यांपेक्षा खोकं महाग.

तुमच्याकडे वीस-पंचवीसच नाणी असतील, सगळी वेगवेगळी, आणि विकायचा विचारच नसेल, तर चांगल्या प्लास्टिकचा अल्बम वाईट नाही. घरातल्यांना दाखवायला तोच बरा. पण एकसारखी दिसणारी रुपयांची चळत असेल आणि कधी ना कधी ती चार हातांत फिरणार असेल, तर मी पुठ्ठा म्हणेन.

न्यू जर्सीतला चुलतभाऊ त्याच्या वाटणीचे राणीछाप मागतोय. शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, तसं बाहेर पाठवता येत नाही. त्याच्या होल्डरांवर त्याचं नाव लिहून ठेवलंय. रिकाम्या अल्बममध्ये मुलीने नवे पैसे आणि कमळाची वीस पैशाची नाणी भरलीत. ती रोज क्रम बदलते.